काळा बेदाणा, ५६ एपीओ



मागचा लेख वाचून दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की लेहला हिवाळ्यात तुम्ही खाता तरी काय? राशन उत्तम असतं हो, त्याबद्दल तक्रार नाही. टिनमधलं लोणी, अंडी, दूध पावडर, ड्रायफ्रूट, सगळं येतं. अडचण वेगळीच आहे. साडेअकरा हजार फुटांवर भूक लागत नाही. पहिल्या सहा दिवसांच्या अक्लमटायझेशनमध्ये तर जेवणाचं ताट बघूनच पोट भरतं. पुढं सवय होते, पण डिसेंबर-जानेवारीत पुन्हा तोंडाची चव जाते. काजू-किसमिसची पाकिटं उशाशी पडून राहतात. ज्यांनी उंचावर नोकरी केलीय त्यांना हे सांगायला नको.

आज जे सांगणार आहे ते मात्र राशन स्केलमध्ये कुठंच नाही. ओट्स आणि बेदाण्याच्या कुकीज. बिस्किटंच म्हणा, आमच्याकडं सगळे बिस्किटंच म्हणायचे.

मी ईएमईचा माणूस. निम्मं आयुष्य गाड्यांच्या खाली उताणं झोपून गेलं. स्वयंपाकाशी माझा संबंध चहापुरता. मग हा उद्योग कसा सुरू झाला, तर दोन नको असलेल्या वस्तूंमुळं.

पहिली वस्तू ओट्स. त्या वर्षीच्या मेडिकलमध्ये माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर साहेब म्हणाले, "साब, ध्यान रखो, नहीं तो कॅटेगरी डाउन हो जाएगी." हे मी घरी सांगायची चूक केली. आमच्या सौ.नी कॅन्टीनमधून ओट्सची चार पाकिटं घेऊन माझ्या ट्रंकेत भरली. मी दोनदा पाण्यात शिजवून खाल्ले. भिंतीला पोस्टर चिकटवायची खळ खाल्ल्यासारखं वाटलं. त्यात आमचा हरियाणाचा हवालदार. त्यानं वाडग्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "साब, यह तो जई है. हमारे यहाँ भैंस को डालते हैं." झालं. त्या दिवसापासून ते पाकीट ट्रंकेतून बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरी वस्तू ऑक्टोबरच्या शेवटी आली. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं पार्सल, लाखेचे ठिपके, वर निळ्या पेनानं माझा नंबर, रँक, नाव आणि खाली 'द्वारा ५६ एपीओ'. अक्षर धाकट्या भावाचं. ते बघूनच माझे हात थांबले. त्यानं मला पार्सल सोडा, वर्षभर साधा फोनही केला नव्हता.

आत पाच किलो बेदाणा होता. काळा.

तासगाव भागातल्या वाचकांना एवढ्यावरनं सगळं समजलं असेल. इतरांसाठी थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या भागात द्राक्षाचा बेदाणा करायचा म्हणजे माल वेलीवर चांगला पिकू द्यायचा, गोडी भरू द्यायची. मग घड काढून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर जातो आणि आतलं पाणी लवकर सुटतं. मग शेडवर जाळीच्या रॅकवर पसरायचे. शेडला वर छत असतं, पण बाजू उघड्या, कारण वारा खेळला पाहिजे. साधारण दोन आठवड्यांत माल वाळतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. नंतर झाडणी, गंधकाची धुरी, निवड, आणि मग पंधरा किलोचे बॉक्स भरून तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यात. सौद्यात व्यापारी आधी रंग बघतो. हिरवा माल म्हणजे भाव, पिवळा त्याच्याखाली, आणि काळा पडला की विचारू नका. चवीत काळ्याचं काही बिघडलेलं नसतं. पण चवीचा सौदा होत नाही.

हे दोन आठवडे म्हणजे शेतकऱ्याचा जीव टांगणीला. त्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला, तो नेमका धाकट्याचा माल रॅकवर असताना. बाजूंनी झड आत गेली. पाऊस थांबला तरी हवेत ओल राहिली, ढग हटेनात. खालच्या रॅकच्या मालाला बुरशी आली, तो टाकूनच दिला. वरचा वाळला, पण काळा पडून.

मला हे त्याच्याकडून समजलं नाही. वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आमच्या सौ.ना सांगितलं आणि सौ.नी मला. शेवटी तिनं एक वाक्य जोडलं, "रात्री उठून शेडवर जाऊन बसतात म्हणे." आपल्या भागात एखाद्या शेतकऱ्याबद्दल असं वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. का येतो ते लिहीत नाही. मी फोन लावला. त्यानं उचलला नाही. आठवडाभर लावत होतो. मग एकदा आईनं उचलला आणि म्हणाली, "हाय बरा. जेवतोय. तू काळजी करू नगंस."

फोन न उचलायला कारण होतं, आणि ते मी होतो. आधीच्या दिवाळीला रजेवर होतो तेव्हा दोघं बागेत उभे होतो. नुकतीच छाटणी झालेली. मी त्याला म्हणालो, बाग काढून टाक आणि ऊस लाव, कशाला एवढा खर्च करून आभाळाकडं बघत बसायचं. मला वाटलं मोठा भाऊ म्हणून चार शब्द सांगितले. तो काडी हातात घेऊन उभा होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "दादा, तुझा पगार महिनाअखेरीला खात्यावर पडतो, म्हणून तुला असलं सुचतं." मग मीही बोललो. आबा गेल्यापासून घरात मी किती पैसे दिले ते बोललो. ते बोलायला नको होतं. आबा गेले तेव्हा मी राजस्थानात एक्सरसाइजवर होतो, पोहोचायला दीड दिवस लागला. सगळं यानंच केलं होतं. याचा हिशेब त्यानं मला कधी दाखवला नव्हता.

तर असं ते पार्सल. आत वहीच्या पानावर एक ओळ. 'हा विकत नाही. पोरांना वाट.'

माझी पोरं की युनिटमधली पोरं, तेही लिहिलं नव्हतं.

महिनाभर ती पिशवी खाटेखाली होती. लेहची हवा इतकी कोरडी, की बेदाणे वाळून बारीक खड्यांसारखे झाले. मी एक-दोन तोंडात टाकायचो. पोरांना वाटायचे तर राशनची किसमिस त्यांच्याकडं आधीच पडून. कुणी म्हणालं असतं, "साब, यह काली क्यों है?" तर मी काय सांगणार होतो?

डिसेंबरात एका रात्री सौ.शी बोलताना मी पाच किलो बेदाण्याचं काय करू म्हणून विचारलं. ती म्हणाली, "अहो, ओट्स पण पडलेत ना तुमचे? डेहराडूनला मी करायचे तसल्या कुकीज करा की."

डेहराडूनचं थोडं सांगायला पाहिजे. तिथं तीन वर्षं फॅमिली क्वार्टरमध्ये होतो. रविवारी मुलांना घेऊन मसुरीला जायचो आणि गर्दी टाळायला वर लंडौरला चढायचो. लंडौर ही इंग्रजांनी १८२७ साली आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी वसवलेली छावणी. आजारातून उठलेल्या शिपायांना थंड हवेत ठेवायचं ठिकाण. पुढं तिथं अमेरिकन मिशनरी कुटुंबं राहायला आली, वुडस्टॉक शाळा वाढली, आणि त्या बायकांनी आपल्या केक-कुकीजच्या कृती सोबत आणल्या. पुढं त्या कृतींचं पुस्तकही निघालं. आपल्याकडं ओट्स जनावराला, अमेरिकेत मात्र क्वेकर ओट्सच्या डब्यावरच कुकीजची कृती छापलेली असायची. चार दुकानाजवळ चहा पिऊन झाला की मुलं बेकरीकडं ओढायची. तिथं ही कुकी पहिल्यांदा खाल्ली. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि बेदाणा दाताखाली आला की गोड. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक गढवाली भाभी होत्या. त्यांनी सौ.ना शिकवली. आपला तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन असतो ना, झाकणाला काच असलेला, त्यात ती दर शनिवारी घाणे काढायची.

त्या रात्री तिनं कृती सांगितली आणि मी जॉबकार्डच्या मागच्या बाजूला लिहून घेतली. एक कप लोणी, एक कप ब्राउन शुगर, अर्धा कप साखर. हे मऊ होईपर्यंत फेटायचं. दोन अंडी. दीड कप मैदा, एक चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, दालचिनीची पूड. तीन कप ओट्स, एक कप बेदाणा. चमच्यानं गोळे टाकायचे, जागा सोडून. दहा-बारा मिनिटं भाजायचं.

ब्राउन शुगर लेहला कुठून आणणार? पण ब्राउन शुगर म्हणजे तरी काय, काकवी लागलेली साखर. गूळ माझ्याकडं होता, कोल्हापुरी. पोस्टिंग कुठंही असो, एक ढेप सोबत असतेच. खिसून घेतला.

ओव्हनचा प्रश्न वर्कशॉपवाल्यांना पडायला नको. पंधरा किलोच्या तेलाचे रिकामे डबे कापून पोरांनी दुहेरी भिंतीची पेटी केली, मधल्या पोकळीत वाळू भरली, आत पत्र्याच्या दोन पट्ट्या ट्रे ठेवायला, आणि दाराला जुन्या टूलबॉक्सची बिजागरी. एका दुपारचं काम. ओव्हन लंगरमध्येच ठेवायचा, बराकीत आणायचा नाही, हे पहिल्या दिवशीच बजावलं. बंद खोलीतला रॉकेलचा जाळ काय करतो ते आम्ही ऐकून आहोत. बुखारीसुद्धा झोपण्याआधी विझवायची, ही ऑर्डर उगीच नसते.

लांगरी आमचा केरळचा, तलश्शेरीचा. त्यांच्या गावात १८८३ साली हिंदुस्थानातला पहिला ख्रिसमस केक भाजला असं तो अभिमानानं सांगायचा, त्यामुळं ओव्हन बघून त्याचाच चेहरा आधी उजळला. बेदाणे बोटांनी दाबून बघितले आणि म्हणाला, "साब, यह ऐसे नहीं चलेगा. रम में डालो." मी पीत नाही. माझ्या वाटणीच्या रमची एक बाटली ट्रंकेत तशीच होती. निम्मे बेदाणे रममध्ये भिजत घातले. न पिणाऱ्यांसाठी निम्मे गरम चहाच्या पाण्यात.

पहिला घाणा रविवारी लावला. लांगरी, हरियाणाचा हवालदार, दोन क्राफ्ट्समन आणि मी, पाचजण ओव्हनसमोर उकिडवे बसलेले. थर्मामीटर नाही, म्हणून कागदाचा तुकडा आत टाकून किती वेळात तांबूस होतो ते बघत होतो. उंचावर रॉकेलचा स्टोव्हही धड जळत नाही, हवा कमी पडते, ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. पिन मारून मारून हात काळे झाले. बारा मिनिटांनी दार उघडलं तर ट्रेवर सोळा कुकीजऐवजी एकच. सगळं पसरून एकमेकांत मिसळलेलं, मध्ये जाळी पडलेली, कडा कोळसा.

हवालदार गंभीरपणे म्हणाला, "साब, गॅस्केट बन गया."

रात्री सौ.ला सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "थांबा हो. त्या भाभी म्हणाल्या होत्या, पहाड पे सोडा कम डालना. मी विसरलेच सांगायला."

आता विचार केला तर यात अवघड काही नाही, गाडीचं कार्बोरेटर उंचावर का त्रास देतं तसलंच गणित आहे. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. पाणी १०० ऐवजी ८८ अंशाच्या आसपासच उकळतं. सोड्यातून निघणारा वायू इथं जास्त फुगतो, म्हणून पीठ घट्ट व्हायच्या आधीच पसरतं. पाणी लवकर उडून जातं आणि मागं साखर जास्त उरते, ती वितळून आणखी पसरते. इलाज असा, की सोडा निम्मा, साखर थोडी कमी, मैदा दोन चमचे जास्त, आणि ओट्स कोरडे पडू नयेत म्हणून थोडं दूध. शिवाय पीठ भाजायच्या आधी गार करायचं. यासाठी ट्रे लंगरच्या दाराबाहेर ठेवला. उणे बारा होतं. वीस मिनिटांत गोळे दगड झाले, मग उलटा तापवायचा प्रश्न आला. पुढच्या वेळी पाच मिनिटं.

दुसरा घाणा ठीक. तिसरा जमला. वास आधी आला. लोणी, गूळ, दालचिनी, आणि मागून रमचा हलका झणका. बर्फात रॉकेल, ग्रीस आणि ओल्या मोज्यांशिवाय दुसरा वास महिनोन् महिने नाकाला लागत नाही. पोरं बराकीतून आपणहून आली. कुणाला बोलवावं लागलं नाही. आम्ही जेमतेम चाळीस माणसं, त्यामुळं तीन ट्रे दहा मिनिटांत संपले. चवीला म्हणून एक घेऊन दुसऱ्यासाठी हात पुढं करणाऱ्यांत म्हशीचा चारा म्हणणारा हवालदार पहिला. मी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, "साब, भैंस को कोई गुड़-मक्खन के साथ थोड़े ही देता है."

एक नवीन पोरगा होता, पंजाबातला, विशीतला. पहिलाच हिवाळा. आठवडाभर नीट जेवत नव्हता, दोनदा एमआय रूमला पाठवला होता. त्यानं बेदाणे एकेक टोकरून आधी खाल्ले, लहान मूल खातं तसे, आणि विचारलं, "साब, यह किशमिश राशन की नहीं है. कहाँ की है?"

"मेरे भाई के खेत की," मी म्हणालो.

एवढं बोललो आणि माझ्या लक्षात आलं, की पंचवीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी कुणापुढं बोललोच नव्हतो. घरी काय करतात असं कुणी विचारलं, की मी 'खेती है' म्हणून विषय संपवायचो. मग पोरांनीच विचारायला सुरुवात केली. कशी करतात, किती दिवस लागतात, काळी का झाली. मी सांगत गेलो. शेड, जाळी, डिपिंग, मार्चचा पाऊस, सगळं. त्यातली निम्म्याहून जास्त पोरं शेतकऱ्यांची. पाऊस कोणत्या दिवशी आला म्हटल्यावर हवालदार नुसता 'चक्' करून मान हलवत राहिला. त्याच्या भावाचा गहू एकदा कापणीच्या आदल्या रात्री गारांनी आडवा केला होता, हे मला दोन वर्षं एकत्र राहून त्या दिवशी समजलं.

आणि बोलता बोलता मला एक गोष्ट जाणवली. त्या मालाचं सगळं मला माहीत होतं, फक्त ते मी ऐकलेलं होतं. शेडवर मार्चमध्ये उभा राहून मी एक दिवसही काढला नव्हता. माझी रजा कायम दिवाळीची नाहीतर मेची. दिवाळीत बाग हिरवी असते, मेमध्ये माल कोल्ड स्टोरेजला गेलेला असतो. मधलं काही मी बघितलेलंच नाही. आणि सल्ला द्यायला मी.

ख्रिसमसला लांगरीनं उरलेल्या रममधल्या बेदाण्यांचा केक केला, त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. कुकीज मात्र दर रविवारी होऊ लागल्या. ओट्स संपले तसे कॅन्टीनमधून आणखी मागवले. कॅन्टीनवाला म्हणाला, "साब, पूरी वर्कशॉप का कोलेस्टेरॉल बढ़ गया क्या?"

जानेवारीच्या सुरुवातीला जत तालुक्यातला एक पोरगा रजेवर निघाला. विमानाच्या कुरियरनं चंडीगड, तिथून दिल्ली, आणि गोवा एक्सप्रेसनं मिरज. त्याच्याकडं दोन डबे दिले. एकात रमवाल्या, धाकट्यासाठी. दुसऱ्यात चहाच्या पाण्यात भिजवलेल्या बेदाण्यांच्या, अंड्याऐवजी दही घालून केलेल्या, आईसाठी. आई माळकरी. डब्यांवर मार्करनं ठळक लिहिलं, आणि पोराला तीनदा बजावलं की अदलाबदल झाली तर परत येऊच नकोस. आत चिठ्ठी टाकावी म्हणून दोन कागद फाडले. शेवटी त्याच्यासारखीच एक ओळ लिहिली. 'तुझा बेदाणा चाळीस जणांनी खाल्ला.'

मग वाट बघणं. पोरगा मिरजेला उतरल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी डबे दिल्याचा. त्यानंतर आठ दिवस काही नाही. मी स्वतःहून फोन करायचा नाही असं ठरवलं होतं आणि रोज संध्याकाळी रेंज येते त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहत होतो. उणे पंधरात हातमोजा काढून फोन बघायचा म्हणजे बोटं जातात.

नवव्या दिवशी रात्री आला. एकमेकांची तब्येत विचारून झाली. लेहला बर्फ किती, गावाकडं थंडी किती. मग तो म्हणाला, "बिस्किटं पोचली."

"कशी झालीत?"

"आईला चावत न्हाईत. चहात बुडवून खाती. डबा उशाला घेऊन झोपती, पोरांना हात लावू देत न्हाई."

"आणि तुझी?"

तो जरा थांबला. मला वाटलं फोन कट झाला.

"बेदाणा जास्त भिजवलायस तू. साल सुटलीय. आपला माल पातळ सालीचा हाय दादा, एवढा वेळ भिजवायचा नसतो. कोमट पाण्यात अर्धा तास लई झाला. आणि दारूत रातभर टाकलास व्हय? त्याची चवच मारलीस की."

मी म्हणालो, लांगरी केरळचा आहे, त्यांच्यात तसंच करतात.

"त्याला म्हणावं, ते केकला. ह्याला न्हाई." मग त्यानं मला दहा मिनिटं बेदाण्यावर ऐकवलं. कुठला माल भाजायला चालतो, कुठला नुसता खायला, काळा का जास्त गोड लागतो, गंधक न दिलेला का बरा. मी 'हां', 'हां' करत होतो. कोपऱ्यावर वारा असा होता, की डोळ्यांतून पाणी येत होतं. पाय आपटत उभा होतो, पण त्याला थांबवलं नाही.

शेवटी मी विचारलं, बागेचं काय केलंस?

"अर्धा एकर काढली. ऊस न्हाई लावला," तो घाईनं म्हणाला. "अजून काय लावलं न्हाई. बाकीची ठेवलीय. माल बरा हाय औंदा. शेडला बाजूनं पडदं करून घेतलंत, वर-खाली गुंडाळायचं." मग म्हणाला, "मार्चला माणूस मिळत न्हाई बघ. आभाळ आलं की पडदं सोडायला चार हात लागत्यात. रातचं तर कोणच येत न्हाई."

एवढंच म्हणाला. ये म्हणाला नाही.

माझी वार्षिक रजा मेमध्ये लागली होती, लेकीच्या सुट्टीला धरून. सौ.ला फोन केला. ती म्हणाली, "बदला की मग. लेकीला मी सांगते." दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्ककडं गेलो आणि रजेचा महिना बदलायचा अर्ज मागितला. त्यानं फॉर्म पुढं सरकवला. कारणाच्या रकान्यात मी आधी 'बेदाणा' लिहिलं. हेडक्लार्क बिहारचा, चष्म्यावरनं बघत म्हणाला, "साब, यह क्या लिखा है?" मग ते खोडून 'घरेलू काम' लिहिलं.

मंजुरी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आली. जाताना सोबत ओट्सची दोन पाकिटं घेतली. गावात ती मिळत नाहीत.